स्वमग्न मेंदूची घडण

मूल अडीच-तीन वर्षांचं झालेलं असतं. हाक मारली तरी वळून बघत नाही, शब्द फुटत नाहीत किंवा आलेले दोन-चार शब्दही मागे पडतात. डॉक्टर स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं निदान करतात आणि घरी परतल्यावर प्रश्नांची सरबत्ती सुरू होते ती आईवर. मोबाइल फार दाखवलास का? नोकरीसाठी पाळणाघरात ठेवलंस म्हणून झालं का? गरोदरपणात काही भलतंसलतं खाल्लंस का? त्याच घरात एखादी आजी म्हणते, ‘अगं, याचे वडीलही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते.’ आजी हे धीर द्यायला म्हणते. पण आईला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांपेक्षा तिच्या या एका वाक्यात विज्ञान जास्त आहे.

आईला दोषी धरण्याची ही सवय एकेकाळी वैद्यकशास्त्रालाही होती. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. माणसांपेक्षा वस्तूंमध्ये रमणारी, तेच ते करत राहणारी, घरातला लहानसा बदलही सहन न होणारी ही मुलं. हा दोष उपजत असावा, असं कॅनर यांनी त्याच निबंधात लिहिलं होतं. त्यांनी आणखी एक निरीक्षणही नोंदवलं होतं. या मुलांच्या आईवडिलांमध्ये मायेचा ओलावा कमी दिसतो, असं ते निरीक्षण. पुढच्या पंचवीस वर्षांत जगाने उचललं ते हे दुसरं विधान. थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं अशी होतात, हा समज ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने अमेरिकेत घराघरांत नेला. त्याला सर्वांत आधी ठाम विरोध केला तो बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. स्वमग्नतेचं मूळ शरीरात शोधलं पाहिजे, असं त्यांनी १९६४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

पुरावा आला १९७७ मध्ये. सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर यांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतलं किमान एक मूल स्वमग्न होतं. एकाच बीजांडातून जन्मलेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसरं मूलही स्वमग्न निघालं. वेगवेगळ्या बीजांडांच्या १० जोड्यांत मात्र असं एकही नाही. घर तेच, आई तीच, गर्भाशयही तेच. फरक होता जनुकांचा. पुढे लाखो मुलांच्या नोंदींवर झालेल्या अभ्यासांत, कुणाला स्वमग्नता येते आणि कुणाला नाही या फरकातला सुमारे ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असल्याचं दिसलं. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा अजून फिरते, म्हणून तेही सांगून टाकतो. तिचा उगम असलेला १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला. त्यानंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, त्यांत लसीचा आणि स्वमग्नतेचा काहीही संबंध आढळला नाही.

मग मेंदूत नेमकं काय वेगळं असतं? आणि ते केव्हापासून?

आपल्या मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, सहा पदरांचा असतो. गर्भावस्थेत चेतापेशी आत खोलवर जन्मतात आणि तिथून सरकत सरकत आपापल्या पदरात जाऊन बसतात. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एरिक कूर्शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेले मुलांचे मेंदू तपासले. स्वमग्न असलेल्या ११ मुलांपैकी १० जणांच्या मेंदूत काही मिलिमीटरांचे असे तुकडे सापडले, जिथे पदरांची ही रचना विस्कटलेली होती. स्वमग्न नसलेल्या ११ मुलांत असा मेंदू एकच निघाला. हे तुकडे होते ते भाषेशी आणि सामाजिक व्यवहाराशी निगडित भागांत. दृष्टीचं काम करणाऱ्या मागच्या भागात ते नव्हते. पदर बसवण्याचं काम गर्भारपणातच होतं, त्यामुळे हा विस्कळीतपणा बाळाच्या जन्माच्या कितीतरी आधीचा. याच गटाने २०११ मध्ये ७ स्वमग्न मुलांच्या कपाळामागच्या प्रीफ्रंटल भागातल्या पेशी मोजल्या होत्या. इतर ६ मुलांच्या तुलनेत त्या ६७ टक्के जास्त भरल्या. त्या भागातल्या चेतापेशी जन्मानंतर नव्याने तयार होत नाहीत. म्हणजे बाळाने मोबाइल बघण्याआधी, पाळणाघराचं तोंड बघण्याआधी या मेंदूची वाट वेगळी झालेली होती.

मेंदू दान करणारी कुटुंबं थोडी, त्यामुळे या अभ्यासांतले आकडे लहान आहेत. ते सगळ्या मुलांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र जनुकांकडून आलेले पुरावेही त्याच दिशेने बोट दाखवतात.

ते बोट वळतं सिनॅप्सकडे. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अतिसूक्ष्म फट असते. एका पेशीने सोडलेलं रसायन ती फट ओलांडून पलीकडच्या पेशीवर पोचतं. या जागेला सिनॅप्स म्हणतात. आपलं शिकणं, आठवणं, चेहरे ओळखणं हे सगळं अशा अब्जावधी ठिकाणी चालतं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले थॉमस बूर्जरॉन यांच्या गटाला २००३ मध्ये स्वीडनमधल्या दोन कुटुंबांत महत्त्वाचा दुवा सापडला. तिथल्या स्वमग्न भावांमध्ये न्यूरोलिगिन नावाच्या प्रथिनांच्या जनुकांत बिघाड होता. रसायन स्वीकारणाऱ्या पेशीच्या काठावर हे प्रथिन असतं आणि समोरच्या पेशीवरच्या प्रथिनाशी त्याची जोडी जमते. ती जमली की दोन्ही बाजू समोरासमोर नीट बसतात. पुढे २२ व्या गुणसूत्रावरचं शँक-३ हे जनुक सापडलं. स्वीकारणाऱ्या बाजूचा सांगाडा उभा ठेवणारं प्रथिन त्याच्यापासून बनतं. आज अशी शंभराहून अधिक जनुकं माहीत आहेत. त्यांतली बरीचशी एक तर सिनॅप्सच्या कामाची आहेत किंवा गर्भावस्थेत इतर जनुकं केव्हा चालू-बंद व्हावीत हे ठरवणारी आहेत. काही मुलांत हा बदल आईवडील दोघांतही नसतो, तो बीजांडात किंवा शुक्रजंतूत नव्यानेच घडलेला असतो. बहुसंख्य मुलांत मात्र एकच मोठा बदल नसून शेकडो छोट्या बदलांची बेरीज असते, आणि हे छोटे बदल तुमच्या-माझ्यातही विखुरलेले असतात.

सिनॅप्स नुसते बनून भागत नाही, ते कमीही व्हावे लागतात. ज्वारी-कापसाच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तो दाट पेरतो आणि रोपं वर आली की विरळणी करतो, नाहीतर कुठलंच रोप धड वाढत नाही. बाळाचा मेंदूही आधी गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार करतो. मग वापरातल्या जोडण्या टिकतात आणि बाकीच्या काढून टाकल्या जातात. कोलंबिया विद्यापीठातल्या ग्वोमेई टँग आणि डेव्हिड सल्झर यांनी २०१४ मध्ये हीच गोष्ट मोजली. चेतापेशीच्या फांद्यांवर सिनॅप्स जिथे बसतात तिथे बारीक काटे असतात. २ ते २० वर्षं वयाच्या मुलांच्या दान केलेल्या मेंदूंत, कानशिलाजवळच्या भागातले हे काटे त्यांनी मोजले. स्वमग्न नसलेल्या मुलांत बालपण सरेपर्यंत काटे निम्म्याने कमी झाले होते. स्वमग्न मुलांत ही घट होती फक्त १६ टक्के. पेशीतली टाकाऊ सामग्री मोडून साफ करण्याची यंत्रणा त्यांच्यात मंदावलेली होती. तसाच बिघाड असलेल्या उंदरांना ती यंत्रणा पुन्हा सुरू करणारं औषध दिल्यावर त्यांच्या जोडण्या कमी झाल्या आणि वागणंही सुधारलं. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबतं. उंदरांवरच्या यशाच्या जोरावर ते मुलांना देण्याचा विचारही कुणी करू नये.

या सूक्ष्म फरकांचा रोजच्या जगण्यात अर्थ काय, तो स्वयंपाकघरात दिसतो. संध्याकाळची वेळ आहे. गॅसवर कुकर आहे, शेजारी मिक्सर चालू आहे, बाहेरच्या खोलीत टीव्हीवर मालिका लागली आहे. कुकरची शिट्टी होते आणि पाच वर्षांचा मुलगा दोन्ही कान दाबून किंचाळत पलंगाखाली शिरतो. पाहुण्यांना वाटतं, लाडावलेलं पोर आहे. मेंदूत एक रसायन पेशींना चेतवतं, ते ग्लुटामेट. दुसरं त्यांना आवरतं, ते गाबा. स्वमग्नतेत हा तोल चेतवण्याच्या बाजूला झुकलेला असावा, असं जॉन रुबेनस्टाइन आणि मायकल मर्झेनिक यांनी २००३ मध्ये मांडलं. स्वमग्न मुलांत अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं, तेही या मांडणीशी जुळतं. आपला मेंदू दुसऱ्या-तिसऱ्या शिट्टीला सरावतो आणि ती बाजूला टाकतो. या मुलांपैकी अनेकांचा मेंदू ती तशी टाकू शकत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक शिट्टी पहिलीच असते.

स्पर्शाचंही तेच. शाळेच्या शर्टाच्या मानेवरचं लेबल, नखं कापणं, केस विंचरणं यावरून घराघरांत रडारड होते. हार्वर्डमधल्या लॉरेन ओरेफिस आणि डेव्हिड गिंटी यांनी २०१६ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. स्वमग्नतेशी जोडलेली जनुकं त्यांनी फक्त त्वचेकडून येणाऱ्या चेतापेशींत बंद केली आणि मेंदू तसाच ठेवला. ते उंदीर हलक्या स्पर्शानेही दचकू लागले, आणि मोठे झाल्यावर घाबरट, इतर उंदरांपासून दूर राहणारे झाले. लहानपणीचा नकोसा स्पर्श पुढच्या सामाजिक वागण्यापर्यंत पोचू शकतो, हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत विचार करायला लावणारं वाटतं. लेबल कापून टाकणं म्हणजे मुलाचे फाजील लाड नव्हेत.

एमआयटीतले पवन सिन्हा यांनी २०१४ मध्ये आणखी एक बाजू मांडली. मेंदू सतत पुढच्या क्षणाचा अंदाज बांधत असतो. स्वमग्न मेंदूला हा अंदाज बांधणं जड जात असावं, असं ते म्हणतात. पुढे काय होणार हे कळत नसेल तर जग सतत अंगावर येणारच. शाळेचा रस्ता बदलला की होणारा आकांत, एकच गाडी तासन्‌तास ओळीत लावणं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणं, या सगळ्यातून ते मूल जगाचा थोडासा भाग तरी खात्रीचा करून घेत असावं.

या मुलांना दुसऱ्याचं मन कळत नाही, असं सरसकट म्हटलं जातं. आरसा-पेशींच्या, म्हणजे दुसऱ्याची कृती बघतानाही चेतणाऱ्या पेशींच्या, बिघाडातून चेताशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी याचा खुलासा दिला होता. तो गाजला, पण नंतरच्या प्रयोगांत त्याला पुरेसा आधार मिळाला नाही. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये प्रश्नच उलटा केला. आपल्याला तरी त्यांचं मन कुठे कळतं? एडिंबरोच्या कॅथरीन क्रॉम्प्टन यांनी २०२० मध्ये त्याची परीक्षा घेतली. आठ-आठ प्रौढांच्या साखळीत एक गोष्ट तोंडोतोंडी पुढे सांगायची होती. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती गोष्ट तेवढीच शाबूत राहिली, जेवढी एकही जण स्वमग्न नसलेल्या साखळीत. ती जास्त गळाली ती मिश्र साखळीत.

स्वमग्न मेंदू एकाच साच्याचे नसतात. एकीकडे अजिबात न बोलणारं, दिवसभर कुणाची तरी सोबत लागणारं मूल असतं, तर दुसरीकडे अभियंता होऊन नोकरी करणारी बाई. मुलींमध्ये तर स्वमग्नता वर्षानुवर्षं ओळखलीच जात नाही. एमआरआय, ईईजी किंवा रक्ततपासणी करून स्वमग्नतेचं निदान होत नाही. ते मुलाकडे नीट बघून आणि आईवडिलांशी सविस्तर बोलूनच करावं लागतं. ‘ब्रेन मॅपिंग’च्या महागड्या पॅकेजवर पैसे घालवू नका. स्टेम सेल उपचारांच्या जाहिराती आपल्या शहरांतही दिसतात. स्वमग्नतेवरचा उपचार म्हणून त्यांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून ६५ मुलांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकायट्री’मध्ये आले. गोव्यातलं काम ‘संगथ’ या संस्थेचं होतं. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. आईवडील मुलाशी खेळतानाचं चित्रीकरण त्यांनी केलं आणि ते त्यांच्याबरोबर बसून पाहिलं. मूल कशाकडे बघतंय ते ओळखायचं, त्याच्या खेळात शिरायचं, हुकूम कमी करायचे आणि त्याने काही करण्याची वाट पाहायची, एवढंच शिकवलं. आईवडिलांचा प्रतिसाद मुलाशी जास्त जुळू लागला आणि मुलंही आपणहून संवाद सुरू करू लागली. आईमुळे ऑटिझम होत नाही. पण आईच्या, आणि तेवढ्याच वडिलांच्या, प्रतिसादाने मुलाची वाट सोपी होते. कारण विरळणी चालू असलेल्या मेंदूत कुठल्या जोडण्या टिकतील, हे रोजच्या अनुभवावरही ठरत असतं.

म्हणून वाट बघू नका. वर्षाचं मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षाचं होऊनही हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, किंवा आलेले शब्द कुठल्याही वयात गमावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्या. कान तपासा, तेही त्यातच येतं. ‘मुलगा आहे, उशिरा बोलेल’ म्हणून वर्ष काढू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाची केंद्रं आहेत, ती जिल्हा रुग्णालयात विचारा. तिथली तपासणी मोफत असते.