सर्व्हर संगणक : बंद करण्याची व पुन्हा सुरू करण्याची रीत

तिरुवल्लिकेणी ही चेन्नई शहरातील मरीना किनाऱ्यालगतची जुनी वस्ती होय. दि. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ चेन्नईनजीक किनाऱ्यावर आदळले. सहस्रावधी वृक्ष उन्मळून पडले आणि शहराच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. अशा वेळी दिवा विझतो व वीज येताच पूर्ववत लागतो. सर्व्हरचे मात्र तसे नाही. अनेक संगणकांना एकाच वेळी माहिती पुरविणारा व त्यांची माहिती सांभाळणारा जो संगणक, त्यास सर्व्हर म्हणतात.

कल्पना करू की, तेथील एखाद्या वाचनालयातील पुस्तकांच्या देवघेवीची नोंद सर्व्हरवर होते. नोंद प्रथम संगणकाच्या कार्यस्मृतीत येते आणि नंतर चकतीवर लिहिली जाते. कार्यस्मृतीतील सूक्ष्म विद्युद्भार सेकंदात अनेक वेळा नव्याने भरावा लागतो. प्रवाह तुटला की ती कोरी होते. म्हणजे जे अद्याप चकतीवर उतरले नाही, ते गेलेच. अर्धवट लिहिलेल्या नोंदीमुळे जुनी माहितीही कधीकधी बिघडते.

यावर योजलेला उपाय आपल्या पेढीवरील रिवाजासारखाच आहे. मुनीम आधी रोजकीर्द लिहितो, मग खतावणी. सर्व्हरही बदलाची टीप आधी कीर्दीत करतो. मध्येच खंड पडला, तर पुन्हा सुरू होताना तो कीर्द वाचून अपुरे काम पुरे करतो किंवा रद्द करतो. परंतु कीर्दीतही न चढलेली नोंद त्यास कोठून सापडणार?

यास्तव सर्व्हर क्रमाने बंद करावा. प्रथम वापरणाऱ्यांस पूर्वसूचना द्यावी. महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत असल्याची खात्री करावी. मग नव्या नोंदी थांबवून माहितीकोश बंद करावा आणि शेवटी संगणकास बंद होण्याची आज्ञा द्यावी. तो स्वतः पूर्ण बंद होईपर्यंत वीज तोडू नये. यूपीएसची विजेरी बहुधा काही मिनिटांचाच अवधी देते; तो अवधी हे काम आवरण्यासाठीच असतो.

सर्व्हर जागच्या जागी अडकल्यास घाईने कळ दाबू नये. चकतीचे लेखन चालू असेल, तर थोडे थांबावे. नंतर पुनरारंभाची आज्ञा देऊन पाहावी. कळ काही सेकंद दाबून धरणे म्हणजे वीज तोडणेच होय. तो उपाय अगदी अखेरचा.

पुन्हा सुरू करताना क्रम उलटा असतो. वीज स्थिर झाल्यावर प्रथम जाळ्याची यंत्रे व माहितीचे साठे, मग माहितीकोश, आणि सर्वांत शेवटी वापरणाऱ्यांस प्रवेश. त्यापूर्वी शेवटच्या काही नोंदी तपासून पाहाव्यात. वादळ आपल्या हाती नाही. दप्तर मिटण्याची शिस्त मात्र आपल्या हाती आहे.