अज्जीपासून सुरुवात

लग्नात, साठीशांतीत हल्ली जुन्या फोटोंची चित्रफीत दाखवतात. फोटो जागचा हलत नाही. संगणकाला पहिली आणि शेवटची चौकट ठरवून दिली, की मधली चाल तो भरतो. अमेरिकेच्या केन बर्न्स यांनी १९९० च्या ‘द सिव्हिल वॉर’ मालिकेत हे तंत्र गाजवले. त्याआधी १९५७ च्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या कॅनडाच्या माहितीपटातही ते होते.

पण चौकट कुणावर न्यायची? आमच्या ग्रुप फोटोत आजोबा मधोमध खुर्चीत, धारवाडकडची अज्जी कडेला, अर्धी दाराआड. भाचा थेट आजोबांकडे निघाला होता. मी म्हटले, “अज्जीपासून नीघ, सावकाश. सात सेकंद घे.” त्यासाठी फोटो ६०० डीपीआयने पुन्हा स्कॅन केला. चार बाय सहा इंचांचा फोटो ३०० ने केला तर रुंदी १८०० पिक्सेलच मिळते. फुल एचडी पडद्याला १९२० लागतात, जवळ गेले की चेहरा धूसर.

पडद्यावर अज्जी आली आणि तिची धाकटी बहीण एकदम म्हणाली, “नम्म अक्का!”

फोटोतल्या माणसाला हसवणारी ॲपही आता आहेत. भाच्याने विचारले, लावू का? नको म्हटले. अज्जी हसताना तोंडावर पदर धरायची.