फिल्मच्या काळातील लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर

बसवनगुडी, बेंगळुरू : कार्तिक महिन्यातील शेवटच्या सोमवारच्या सुमारास बेंगळुरूच्या बसवनगुडी भागात ‘कडलेकाई परिषे’ अर्थात भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. केम्पेगौडा यांच्या काळात, सोळाव्या शतकात उभारलेल्या दोड्ड बसवण्णाच्या मंदिरासमोर, रस्त्याच्या दुतर्फा शेंगांचे ढीग लागतात. पहिले पीक नंदीला अर्पण करण्याची शेतकऱ्यांची प्रथा आहे. संध्याकाळी दिव्यांच्या माळा पेटल्या की छायाचित्रकारांची गर्दी होते. या गर्दीत नव्या कॅमेऱ्याला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या अंगाची लेन्स जोडून चित्रे टिपणारा एखादा तरुण दिसला, तर आता त्याचे फारसे नवल वाटत नाही.

हौशी छायाचित्रकारांमध्ये ही पद्धत गेल्या दशकभरात चांगलीच रुजली आहे. त्यामागे काटकसर आहे, स्मरणरंजन आहे आणि काही अंशी फॅशनही आहे. तथापि मुळाशी एक साधे भौमितिक कारण आहे. ते समजून न घेता केलेली खरेदी बहुधा वाया जाते. घराच्या कपाटात वडिलांची किंवा आजोबांची लेन्स पडून असेल, तर तिचे काय करावे, या प्रश्नाचे उत्तरही त्या कारणातच आहे.

आरशाने अडवलेली जागा

फिल्मवर चालणाऱ्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असे. बटण दाबताच तो वर उचलला जाई. त्याला हलण्यास जागा लागत असल्याने लेन्सचे माउंट आणि फिल्म यांच्यात बरेच अंतर राखावे लागे. १९५९ मध्ये आलेल्या निकॉन एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. प्रॅक्टिका, झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या आट्यांच्या एम-४२ माउंटमध्ये ते सुमारे ४५.५, तर कॅननच्या एफडी माउंटमध्ये ४२ मिलिमीटर आहे. लेन्स दूरच्या वस्तूचे स्पष्ट चित्र नेमके याच अंतरावर पाडते.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत आरसाच नाही. त्यामुळे हे अंतर सोनीच्या ई माउंटमध्ये १८, निकॉनच्या झेड माउंटमध्ये १६ आणि कॅननच्या आरएफ माउंटमध्ये २० मिलिमीटर इतके कमी झाले. ४६.५ मधून १८ वजा केल्यास २८.५ मिलिमीटर उरतात. एवढ्याच लांबीची पोकळ धातूची नळी मध्ये बसवली की निकॉनची जुनी लेन्स सोनीच्या कॅमेऱ्यावर अनंतापर्यंत स्पष्ट चित्र देते. या नळीलाच अडॅप्टर म्हणतात. साध्या अडॅप्टरमध्ये ना काच असते, ना विजेची जोडणी. उलट दिशेने हा खटाटोप जमत नाही. जिथे अंतर आधीच जास्त आहे, तिथे ते कमी करणारी नळी बनवता येत नाही.

पूर्ण चौकट का हवी?

अडॅप्टर पूर्वीही होते, परंतु सुरुवातीच्या मिररलेस कॅमेऱ्यांचे संवेदक लहान होते. लेन्स मात्र ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मसाठी घडवलेली असे. दीडपट कातर असलेल्या संवेदकावर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ मिलिमीटरसारखी वागते, आणि २८ मिलिमीटरची रुंद दृश्य टिपणारी लेन्स जवळजवळ सामान्य लेन्स होऊन बसते. सोनीने २०१३ मध्ये पूर्ण चौकटीचा ए-७ बाजारात आणला, तेव्हा हे चित्र पालटले. फिल्मइतक्याच आकाराच्या संवेदकावर जुनी लेन्स तिच्या मूळ दृष्टिकोनानिशी वापरता येऊ लागली. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन यांनीही पूर्ण चौकटीचे मिररलेस कॅमेरे आणले.

एका कामासाठी बनलेले यंत्र दुसऱ्या कामाला जुंपणे मराठी माणसाला नवे नाही. कोल्हापूरचे बाबुराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी चित्रपट दाखवण्याचे जुने यंत्र मिळवून त्यावरून चित्रपट टिपणारा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला होता. आनंदरावांच्या निधनानंतर बाबुरावांनी १९१८ च्या सुमारास तो पुरा केला, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये झळकला. परदेशी यंत्राच्या किमतीपुढे हात टेकण्याऐवजी कानस हाती घेणारी ती पिढी होती. आजच्या अडॅप्टरवाल्यांना तेवढे कष्ट पडत नाहीत.

प्रत्यक्ष वापरात काय बदलते?

प्रथम कॅमेऱ्यातील ‘लेन्स नसताना शटर चालू ठेवा’ या अर्थाचा पर्याय सुरू करावा लागतो, कारण विजेची जोडणी नसल्याने लेन्स बसवली आहे हे कॅमेऱ्याला कळत नाही. फोकस आणि छिद्र दोन्ही हातानेच फिरवायचे. प्रकाशमापन मात्र सुरळीत चालते. छिद्राला प्राधान्य देणारी पद्धत निवडली, की आत येणाऱ्या प्रत्यक्ष प्रकाशावरून कॅमेरा शटरचा वेग ठरवतो. काही एम-४२ लेन्समध्ये मागील बाजूची बारीक पिन दाबली गेल्याशिवाय छिद्र लहान होत नाही. अशा लेन्ससाठी पिन दाबणारी कडा असलेला अडॅप्टर मागून घ्यावा.

फोकसचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. स्पष्ट कडा रंगाने उजळून दाखवण्याची सोय नव्या कॅमेऱ्यांत असते, पण पूर्ण उघडी जुनी लेन्स कडा मुळातच मऊ दाखवते, तेव्हा ही सोय फसवते. दृश्य पाच ते दहा पट मोठे करून पाहणे अधिक भरवशाचे. देवळातील काळ्या, तुळतुळीत नंदीसारख्या विषयावर तर दुसरा मार्ग नाही.

जत्रेतील माणसे मात्र तोवर थांबत नाहीत. तिथे जुन्या वृत्तछायाचित्रकारांची युक्ती कामी येते. ३५ मिलिमीटर लेन्सचे छिद्र एफ-८ वर ठेवून अंतर ५ मीटरवर लावले, की सुमारे अडीच मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. हा हिशेब फिल्मच्या जुन्या निकषावरचा आहे. चार-पाच कोटी पिक्सेलच्या संवेदकावर चित्र मोठे करून पाहिल्यास थोडा मऊपणा दिसेल. वर्तमानपत्राच्या पानावर किंवा फोनच्या पडद्यावर तो दिसत नाही.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. कॅमेऱ्याच्या आतील कंपनिरोधक यंत्रणेला लेन्सची लांबी हाताने सांगावी लागते. ५० मिलिमीटरची लेन्स लावून मागील २०० हा आकडा तसाच राहिला, तर यंत्रणा गरजेपेक्षा जास्त हलते आणि स्थिर चित्रही पुसट होते.

गुण की दोष?

सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२ ही ५८ मिलिमीटरची लेन्स या क्षेत्रात विशेष बोलबाला मिळवून आहे. युद्धपूर्व जर्मन झाइस बायोटारच्या रचनेवर ती बेतलेली होती. पूर्ण उघडून झाडांपुढे माणूस उभा केला, तर मागील पाने भोवऱ्यासारखी फिरताना दिसतात. शास्त्रीय दृष्टीने हा दोषच आहे, आणि तो प्रत्येक चित्रात वापरला की कंटाळा येतो. त्यासाठी आज मागितली जाणारी किंमत कधीकधी लेन्सच्या योग्यतेपलीकडची असते.

जुन्या लेन्सवरील विलेपन आजच्याइतके प्रभावी नव्हते. त्यात संवेदकासमोरील काच फिल्मपेक्षा अधिक परावर्तन करते. दिव्यांच्या माळांसमोर चित्र म्हणूनच फिकट, धुरकट येऊ शकते. लेन्सवर सावलीची टोपी लावणे हा साधा उपाय आहे. रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या रुंद दृश्याच्या लेन्स वेगळीच अडचण आणतात. त्यांची मागील काच संवेदकाच्या फार जवळ येते, किरण कोपऱ्यांवर तिरके पडतात आणि संवेदकावरील काचेच्या थरामुळे कडा विरघळतात. एसएलआरच्या लेन्सना आरशामुळे दूर राहावेच लागत असे. त्या या बाबतीत सुरक्षित ठरतात.

बुरशी हा खरा शत्रू

महाराष्ट्रात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, लेन्सचा सर्वांत मोठा वैरी पावसाळा आहे. चामड्याच्या पेटीत ठेवलेली लेन्स सुरक्षित वाटते, परंतु चामडे ओलावा धरून ठेवते आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. आरंभी ती पुसून काढता येते. मात्र तिच्यातील आम्लाने विलेपन आणि काच खाल्ली, की कारागीर कितीही कुशल असला तरी डाग जात नाही. घरातील जुनी लेन्स ‘पुढे केव्हातरी पाहू’ म्हणून आणखी दोन पावसाळे ठेवणे त्यामुळे महागात पडू शकते.

तपासणी घरी करता येते. छिद्र पूर्ण उघडून, मागील बाजूने फोनचा दिवा लावून समोरून तिरके पाहावे. जाळे, धुके किंवा काचांच्या जोडावर इंद्रधनुषी कडा दिसते का, हे कळते. छिद्राच्या पात्यांवर तेल चकाकत असेल, तर ती अडकण्याची शक्यता असते. फोकसची कडी जड झाली असेल, तर वंगण वाळलेले असते. ते बदलता येते, पण हे काम जाणणारे जुने कारागीर आता शोधावे लागतात. दुरुस्तीचा अंदाज खरेदीपूर्वीच घ्यावा.

पिवळसर झालेली काच पाहून मात्र घाबरू नये. ताकुमार ५० मिलिमीटर एफ-१.४ सारख्या काही लेन्सच्या काचेत थोरियम मिसळलेले असे आणि त्यामुळे ती कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यास रंग बराच निवळतो. तिचा किरणोत्सर्ग नेहमीच्या वापरात चिंता करण्याजोगा नाही, मात्र अशी काच घासू किंवा फोडू नये. साठवणीसाठी हवाबंद डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी आणि सिलिका जेल वेळोवेळी वाळवून घ्यावे.

अडॅप्टर घेताना तो सैल बसत नाही ना, हे हाताने हलवून पाहावे. किंचित लांब निघाला, तर दूरचे दृश्य कधीच स्पष्ट होत नाही. किंचित आखूड असेल, तर कडी अनंताच्या खुणेवर पोचण्याआधीच दूरचे दृश्य स्पष्ट होते आणि तिच्यावरील अंतराचे आकडे चुकतात. काम त्यावरही भागते, पण अंतर मोजून फोकस लावण्याची वर सांगितलेली युक्ती अशा अडॅप्टरवर उपयोगी पडत नाही.