काकी पक्ष्याची गोष्ट

न्यूझीलंड देशात नदीकाठी काकी नावाचा काळा पक्षी राहतो. लांब तांबड्या पायांनी तो उथळ पाण्यात चालतो, किडे टिपतो. बाहेरून आणलेल्या मांजरांनी व इतर जनावरांनी त्याची अंडी-पिले फस्त केली. १९८१ साली मोठे पक्षी उरले अवघे २३!

मग माणसांनी अंडी उबवून पिले वाढवली, नदीवर सोडली. पण जोड्या लावायच्या कशा? सगळेच भाऊबंद! जवळच्या नात्यात वंश खालावतो. म्हणून तर आपण वळू बदलतो ना?

प्रत्येक जिवाच्या अंगात त्याच्या वंशाचा मजकूर असतो. त्याची अक्षरे चारच. शास्त्रज्ञ रक्ताच्या थेंबातून ती वाचतात आणि दूरच्या नात्यातले नर-मादी जुळवतात.

आम्ही म्हणतो, अक्षरे वाचता आली, तर पक्षीही वाचतो!