जाळ्यांतला सामन आणि नदीचा सामन

मुंबईच्या बाजारांत रावसाला इंग्रजी वळणानें ‘इंडियन सामन’ म्हणतात. परंतु खऱ्या सामनाशीं त्याचें जवळचें नातें नाहीं. खरा सामन हा थंड प्रदेशांतला मासा. त्याचें आयुष्य दोन पाण्यांत वांटलेलें असतें. नदीच्या तळाशीं खड्यांत घातलेल्या अंड्यांतून तो जन्मतो, कांहीं काळ गोड्या पाण्यांत वाढतो आणि एका वसंतांत प्रवाहाबरोबर समुद्रांत उतरतो. तेथें पुष्ट होऊन तो अंडीं घालण्याकरितां परत फिरतो, आणि बहुधा आपल्या जन्मनदींतच येतो. पाण्याच्या वासावरून ती त्याला ओळखतां येते. अशा रीतीनें पिढ्यान् पिढ्या एकाच नदींत राहिल्यामुळें प्रत्येक नदीच्या सामनाचा जणूं निराळा वंश बनला आहे.

या माशाची शेती करण्याची युक्ति नॉर्वे देशांत यशस्वी झाली. १९७० सालीं हित्रा बेटावर ग्रोंतवेत बंधूंनीं सामनाचीं पिलें समुद्रांतील तरंगत्या जाळ्यांत सोडून वाढविलीं. आज त्या एका देशांत वर्षाला सुमारें १५ लाख टन पाळीव सामन तयार होतो. पाण्यावर तरंगणारें मोठें कडें आणि त्याखालीं पिशवीसारखें सोडलेलें खोल जाळें, हा झाला पिंजरा. अशा एका पिंजऱ्यांत दोन लाखांपर्यंत मासे ठेवण्याची तेथें मुभा आहे. हें जाळें माशाला अडवितें, पाण्याला अडवीत नाहीं. आणि साऱ्या प्रश्नाचें मूळ एवढ्या एका गोष्टींत आहे.

प्रथम समुद्री उवेचें उदाहरण घ्यावें. सामनाच्या अंगाला चिकटून त्याची त्वचा व रक्त खाणारी ही ऊ कांहीं नवी नाहीं. परंतु निसर्गानेंच तिला आवर घातला होता. गोड्या पाण्यांत ती फार दिवस जगत नाहीं. मोठे सामन नदींत शिरले कीं त्यांच्या अंगावरील उवा गळून जात. हिवाळ्यांत किनाऱ्यालगत तिला आसरा देणारे मासे थोडेच उरत, आणि म्हणून वसंतांत पिलें समुद्राकडे निघत तेव्हां त्यांची वाट पुष्कळशी निर्धोक असे. बापलेकांची गांठ खाडीच्या तोंडाशीं पडत नसे, म्हणून बापाची पीडा लेकाला लागत नसे.

आतां त्याच खाड्यांतून लाखों मासे बारा महिने उभे असतात. उवेच्या अंड्यांतून निघालेले सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर दूरवर वाहत जातात. मोठ्या माशाला दहाबारा उवा म्हणजे किरकोळ त्रास. परंतु वीस-पंचवीस ग्रॅम वजनाच्या पिलाच्या त्या जिवावर बेततात. म्हणून नॉर्वे सरकारनें असा नियम केला आहे कीं, पिलें समुद्रांत उतरण्याच्या दिवसांत पिंजऱ्यांत दर माशामागें पूर्ण वाढलेल्या मादी-उवा सरासरीनें ०.२ हून अधिक असूं नयेत. आंकडा दिसावयास लहान आहे. परंतु ज्या खाडींत दहा लाख पाळीव मासे आहेत, तेथें ०.२ म्हणजे दोन लाख माद्या झाल्या. आणि एकेक मादी शेंकडों अंडीं घालते.

दुसरा धोका जाळें फाटण्याचा. पाळीव सामनाची जात १९७० नंतरच्या कांहीं वर्षांत सुमारें चाळीस नॉर्वेजियन नद्यांतील माशांपासून तयार केली गेली, आणि पुढें लवकर वाढणारे मासे निवडून निवडून ती घडविली. असा मासा निसटून नदींत शिरला, तर तेथील माशांशीं त्याचा संकर होतो. आयर्लंडमधील बरिशूल येथें झालेल्या व २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, पाळीव माशांच्या संततीचें आयुष्यभराचें यश नदीच्या मूळ संततीच्या अवघें दोन टक्के होतें, आणि संकरित संतति या दोहोंच्या मध्यें राहिली. नॉर्वेंत तपासलेल्या नद्यांपैकीं निम्म्याहून अधिक ठिकाणीं या मिसळीच्या खुणा सांपडल्या आहेत. उवा औषधानें मारतां येतात. मिसळलेला वंश निवडून वेगळा काढतां येत नाहीं.

जेथें संकराचें भय नाहीं, तेथेंहि प्रश्न सुटत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील वॉशिंग्टन राज्यांत पॅसिफिक महासागराच्या निराळ्या जाती आहेत. परंतु पिंजऱ्यांत अटलांटिक सामन पाळला जात असे. ऑगस्ट २०१७ मध्यें सायप्रस बेटापाशीं एक पिंजरासमूह मोडला आणि सुमारें अडीच लाख मासे निसटले. लम्मी जमातीच्या कोळ्यांनीं होड्या काढून त्यांतले हजारों परत धरले. दुसऱ्याच वर्षीं त्या राज्यानें परक्या जातीची अशी शेती बंद करण्याचा कायदा केला. शेजारच्या ब्रिटिश कोलंबियांतील उघडे पिंजरे जून २०२९ अखेर बंद करण्याचें कॅनडा सरकारनें जून २०२४ मध्यें जाहीर केलें.

तथापि सारें खापर पिंजऱ्यांवर फोडणें न्यायाचें होणार नाहीं. धरणांनीं नद्या अडल्या आहेत, समुद्र तापत आहे, आणि तेथें पिलांची हानि वाढली आहे. शिवाय ओसरत चाललेल्या किनारी खेड्यांना या शेतीनें काम दिलें आहे. परंतु नॉर्वेंत समुद्रांतून परतणाऱ्या सामनांची संख्या १९८० नंतरच्या दशकाच्या मानानें निम्म्याहूनहि खालीं आली. २०२१ सालीं तेथें त्याची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील जातींत झाली, आणि जून २०२४ मध्यें ३३ नद्यांतील सामनाची मासेमारी ऐन हंगामांत थांबवावी लागली.

उपाय अज्ञात नाहींत. पाणी अडविणारे बंद पिंजरे किंवा जमिनीवरील टांक्या यांत मासे वाढवितां येतात. त्यांना खर्च अधिक येतो, एवढेंच. उघड्या जाळ्यांतला सामन स्वस्त पडतो, कारण त्याच्या किंमतीचा एक भाग नदीचा सामन भरत असतो. तो भाग हिशेबाच्या वहींत मांडला, म्हणजे कोणता मासा खरोखर स्वस्त हें ठरविणें कठीण जाणार नाहीं.