पहिला नंबर कुणाचा?

शिरोळ तालुक्यात जत्रेच्या कुस्ती मैदानाचे पोस्टर लागले की माणसे आधी वरच्या जोड्या वाचतात. एक नंबरची कुस्ती कुणाची, दोन नंबरची कुणाची, यावर चहाच्या टपरीवर वाद रंगतात. हा क्रम आखाड्यात ठरत नाही. पैलवानाचे नाव, मागच्या मैदानांतली कामगिरी, गर्दी खेचण्याची ताकद हे सगळे बघून गावची कमिटी आणि वस्ताद मंडळी तो ठरवतात. निकाली कुस्ती झाली तर मत खरे की खोटे ते लाल मातीतच कळते. बरोबरीत सोडवली, तर वाद पुढच्या जत्रेपर्यंत चालू.

आपल्याकडे ही एका दिवसाची गोष्ट. अमेरिकेत मात्र कॉलेज फुटबॉलचा अख्खा देशाचा विजेता कित्येक दशके याच पद्धतीने, मतांवर ठरत आला. (हा त्यांचा फुटबॉल, चेंडू लांबट, हातात घेऊन पळायचा.) संघ शंभराहून जास्त, सामने मात्र वर्षाला दहा-अकरा. सगळे सगळ्यांशी खेळणे अशक्य. 1936 साली असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे क्रीडा संपादक अॅलन गोल्ड यांनी क्रीडा पत्रकारांची मते दर आठवड्याला मागवून क्रमवारी छापायला सुरुवात केली. 1950 पासून दुसऱ्या वृत्तसंस्थेने प्रशिक्षकांची मते घ्यायला सुरुवात केली. पुढे काही वर्षी दोन्हीकडे विजेते वेगळे निघाले आणि एकाच हंगामाचे दोन विजेते झाले.

या पद्धतीचे खरे रूप बघायचे तर 1966 चा हंगाम बघावा. त्या काळी पत्रकार दहा संघांची नावे क्रमाने लिहीत. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 9, असे उतरत जाऊन सगळ्यांची बेरीज. हंगामाआधीच्या यादीत अलाबामा विद्यापीठाचा संघ पहिला होता. आधीची दोन्ही वर्षे पत्रकारांच्या यादीत विजेताही तोच. 19 नोव्हेंबरला नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट ही तेव्हाची पहिल्या दोन नंबरांची जोडी भिडली. सामना 10-10. शेवटचे मिनिटभर उरले, चेंडू नोत्र दामकडे होता. प्रशिक्षक आरा पार्सेगियन यांनी जोखमीची फेक टाळून सरळ पळत वेळ काढला. बरोबरी पदरात पाडून घेतली म्हणून त्यांच्यावर पुढे आयुष्यभर टीका झाली. पण पुढच्या आठवड्यात नोत्र दामने सदर्न कॅलिफोर्नियाचा 51-0 असा फडशा पाडला आणि दोन्ही याद्यांत पहिला नंबर त्यांनाच मिळाला. मिशिगन स्टेट दुसरे. अलाबामाने त्या हंगामात एकही सामना गमावला नव्हता की बरोबरीत सोडवला नव्हता. तरी नंबर तिसरा! अखेरची मते नववर्षाच्या सामन्यांआधीच घेतली गेली होती; अलाबामाने नंतर नेब्रास्काला 34-7 असे हरवले, त्याचा काही उपयोग झाला नाही.

असे का झाले? अलाबामाच्या वेळापत्रकात तगडे प्रतिस्पर्धी कमी होते, हे एक कारण सांगतात. दुसरे मला जास्त महत्त्वाचे वाटते. अलाबामाचा संघ तेव्हा फक्त गोऱ्यांचा होता, आणि त्या राज्यातल्या वंशभेदाच्या बातम्या देशभर रोज छापून येत होत्या. समोर मिशिगन स्टेटमध्ये बब्बा स्मिथ, जिमी रे अशी दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय मुले नाव काढत होती. मत देणाऱ्याच्या डोक्यातून हे पुसले गेले असेल, असे कसे मानायचे? वंशभेदाचा राग मतांत उतरला असेल, तर त्यामागे न्याय होता, असे मी म्हणेन. पण मैदानावरचा हिशेब त्याने सुटत नाही.

मतांऐवजी आकड्यांवर नंबर ठरला तर काय होते, ते बघायला आता आपल्याकडच्या कुरुंदवाडकडे वळू. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे, एकेकाळच्या पटवर्धनांच्या संस्थानाचे हे छोटे गाव. इथल्या हर्क्युलस जिममध्ये प्रदीप पाटील यांच्या हाताखाली मुले बारबेल उचलायला शिकली. 2014 च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या कुरुंदवाडच्या तिघांनी तीन कांस्यपदके आणली. गणेश 56 किलो गटात, ओंकार 69 आणि चंद्रकांत 94.

गणेशचे आकडे नीट बघण्यासारखे आहेत. स्नॅचमध्ये, म्हणजे वजन एका झटक्यात थेट डोक्यावर नेण्यात, त्याने 111 किलो उचलले. त्या गटातल्या तिन्ही पदकविजेत्यांत हे सर्वांत जड. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर नेण्यात, 133. बेरीज 244. मलेशियाच्या रौप्यविजेत्याची बेरीज 245, भारताच्याच सुखेन डे याची सुवर्णाची 248. एका किलोने रौप्य हुकले. 2005 पर्यंत वजन अडीच-अडीच किलोच्या पटीत वाढत असे. तेव्हा एका किलोचा फरक पडूच शकला नसता. पंचांचे मत इथेही असते, पण ते उचल नियमात बसली की नाही एवढ्यापुरते, तिघांपैकी दोन पांढरे दिवे लागले की झाले. उचलणारा कुठल्या गावचा, कुठल्या कॉलेजचा, हे त्या दिव्यांना विचारायचेच नसते.

मला यात मोठे बळ दिसते. पत्रकारांच्या मतांवर यादी निघाली असती तर कुरुंदवाडचे नाव त्यात कुणी घातले असते? माहितीतली नावे आधी सुचतात, आणि छोट्या गावाला कुणाच्या माहितीत यायलाच वर्षे लागतात. लोखंडाला ती वाट बघावी लागत नाही. मात्र ते दयाही दाखवत नाही. शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 248 किलो उचलले, कोपर दुखावले तरी तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला आणि 249 वाल्या मलेशियाच्या खेळाडूमागे एका किलोने दुसरा आला.

ग्लासगोच्याच वर्षी, 2014 मध्ये, अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलमध्ये विजेता ठरवण्याची नवी पद्धत आली. निवड समिती चार संघ काढणार आणि पुढचे मैदानावर. टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ समितीच्या यादीत तिसरे होते, शेवटचा सामना 55-3 ने जिंकले आणि तरी सहाव्या नंबरवर ढकलले गेले, म्हणजे चौघांबाहेर. चौथा म्हणून कसाबसा आत आलेल्या ओहायो स्टेटने पहिल्या नंबरच्या अलाबामाला 42-35, मग ओरेगॉनला 42-20 असे हरवून विजेतेपद नेले. 2024 पासून तिथे चारऐवजी बारा संघ खेळतात.