एकाच वारेवरची जुळी आणि त्यांच्या हृदयाची तपासणी

सोनोग्राफीत जुळी दिसली की घरात पहिला प्रश्न, दोघं सारखी दिसतील का? डॉक्टर आधी वेगळंच बघतात: दोघांची वार एक की दोन. वार म्हणजे आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव. बहुतेक एकसारखी जुळी एकाच वारेवर वाढतात.

हे कळायची योग्य वेळ ११ ते १४ आठवडे. मधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे 'टी'सारखा सरळ दिसला तर वार एक. त्रिकोणी जाड दिसला तर दोन. नंतर हे नीट सांगता येत नाही. आपल्याकडची सून बाळंतपणाला माहेरी जाते आणि हा पहिलाच रिपोर्ट सासरच्या कपाटात राहतो. तो आपण फाईलमध्ये सर्वांत वर लावा.

वार एक असेल तर १६व्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी. वारेतल्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात आणि अशा शंभरातल्या दहा-पंधरा गरोदरपणांत एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. देणाऱ्याभोवतीचं पाणी दोन सेंटिमीटरच्या खाली, घेणाऱ्याभोवतीचं आठच्या वर, ही धोक्याची खूण.

जादा रक्ताचा भार घेणाऱ्याच्या हृदयावर पडतो. म्हणून आता हृदयाचे चार कप्पे, भिंतींची जाडी आणि उजव्या बाजूच्या झडपेतून रक्त मागे गळतंय का, हे पाहतात.

मग डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग आणि दिशा दाखवणारी तपासणी. नाळेचं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या एका बारीक शिरेत प्रवाह सतत पुढेच हवा. वरचा कप्पा आकुंचन पावताना तो उलटा फिरला, तर हृदय थकलंय.

शेवटी 'टेई इंडेक्स'. झडपा मिटलेल्या असताना जाणारा वेळ भागिले रक्त बाहेर फेकण्याचा वेळ. आकडा वाढला की हृदयाचं काम अवघड झालेलं असतं. पण मोजणारा आणि मशीन बदललं की आकडाही हलतो, त्यामुळे एकाच आकड्यावर घाबरू नये. बाळ पाठ करून झोपलं तर डॉक्टर आपल्याला कुशीवर वळायला किंवा फेरी मारून यायला सांगतात. वेळ लागतोच.

सगळ्यात जास्त फसगत होते ती 'ठोके छान आहेत' या वाक्याने. मिनिटाला ११० ते १६० ठोके दमलेल्या हृदयाचेही असू शकतात. ठोके मोजणं आणि हृदयाचं काम तपासणं वेगळं; दुसऱ्यासाठी फीटल इको करतात. दुसरी चूक बाळांच्या अदलाबदलीची, म्हणून 'ए' कोण नि 'बी' कोण हे प्रत्येक रिपोर्टात बघा.

प्रत्येक सोनोग्राफीला ओळखपत्र आणि 'फॉर्म एफ' लागतोच. १९९४चा लिंगनिदानविरोधी कायदा तसा आहे. २०१७ साली म्हैसाळचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण आपल्याच सांगली जिल्ह्यात घडलं. तेव्हा कागद मागितले म्हणून चिडू नका, नि मुलगा की मुलगी हे विचारू नका.

एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जाण्याचा त्रास वाढला तर साधारण १६ ते २६ आठवड्यांत मोठ्या शहरातल्या केंद्रात लेझरने जोडवाहिन्या बंद करता येतात. म्हणून पोट चार दिवसांत एकदम ताणलं किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.